किल्ल्यावरील प्राणिचित्रे

किल्ल्यावरील प्राणिचित्रे म्हणजे दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रात बांधल्या जाणाऱ्या मातीच्या किल्ल्यांवर मांडल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या लहान मूर्ती होत. येथे 'चित्र' हा शब्द कागदावरील रेखाटन या अर्थी नसून घडवलेली छोटी मूर्ती या अर्थी वापरला जातो. घोडा, हत्ती, बैल, उंट, गाय, वाघ, कुत्रा, घोरपड इत्यादी प्राण्यांचा त्यांत समावेश होतो. बाजारातून आणलेले चित्र जसेच्या तसे न मांडता ते नव्याने रंगवणे, त्यावर साज चढवणे आणि गरजेनुसार त्याचे रूप पालटणे हा या छंदाचा महत्त्वाचा भाग आहे. साच्यातून निघालेले सर्व घोडे सारखेच असतात. रंग, साज व जागा यांमुळे त्यांतील एखादा घोडा विशिष्ट किल्ल्याचा आणि विशिष्ट प्रसंगाचा घोडा ठरतो.

पाश्चात्त्य देशांत पटावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी प्राण्यांच्या छोट्या मूर्ती रंगवण्याचा व त्यांत फेरफार करण्याचा स्वतंत्र छंद विकसित झाला आहे. त्या छंदातील अनेक क्रिया किल्ल्यावरील चित्रांच्या रंगकामाशी मिळत्याजुळत्या आहेत.

स्वरूप

दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात, गच्चीत किंवा गृहसंकुलाच्या मोकळ्या जागेत दगड, विटा व माती यांचा किल्ला रचतात. दगडविटांच्या राशीवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरून डोंगराचा आकार दिला जातो. त्यावर तटबंदी, बुरूज, दरवाजा, पायऱ्या व तळे केले जाते. हिरवळ उगवावी म्हणून अळीव किंवा मोहरी पेरली जाते. सर्वांत उंच जागी सिंहासनावर शिवाजी महाराजांची मूर्ती ठेवतात आणि उतारावर मावळे, गवळणी, शेतकरी व प्राणी मांडतात. ही प्रथा महाराष्ट्राबरोबरच बेळगावसारख्या सीमाभागातील मराठी वस्त्यांतही आढळते.

किल्ल्यावरील माणसांची चित्रे बहुधा ठरावीक असतात. प्राण्यांच्या बाबतीत मात्र निवडीला अधिक वाव असतो. तळ्याकाठी गाय ठेवली की तेथे वस्ती आहे, हे कळते. पायथ्याशी उंट ठेवला की मैदानातील फौज येऊन उतरली आहे, असे सूचित होते. प्राण्याची निवड चुकली तर प्रसंगही चुकतो. यामुळे जाणकार मुले व पालक प्राणिचित्रांकडे केवळ सजावट म्हणून पाहत नाहीत.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात प्राण्यांच्या लहान प्रतिमा घडवण्याची परंपरा फार जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार कांस्यप्रतिमा सापडल्या. दोन बैल जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या प्रतिमा असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेक जण त्या उत्तर हडप्पा काळातील मानतात. हत्ती व रेडा चौथऱ्यावर उभे असून प्रतिमांना चाकांची योजना केलेली आहे. प्राण्याला स्वतंत्र बैठक देऊन तो हलवता येईल अशी रचना करण्याचे हे प्राचीन उदाहरण होय.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात मातीचा बैल व त्यासोबत स्त्रीमूर्ती मिळाली. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे स्वार बसलेल्या हत्तीची कांस्यप्रतिमा सापडली असून ती सातवाहनकालीन परंपरेतील मानली जाते.

लोकजीवनात ही परंपरा बेंदूर व पोळा या सणांतून टिकून आहे. ज्यांच्या घरी बैल नाहीत ते मातीच्या बैलांची पूजा करतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. पोळ्याला आणलेली मातीची बैलजोडी जपून ठेवली, तर तीच दिवाळीत किल्ल्यावरही उपयोगी पडते.

युद्धखेळांशी साम्य व भेद

प्राण्यांच्या प्रतिमांनी युद्ध दर्शवण्याची कल्पना भारताला नवी नाही. बुद्धिबळाचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर येत. युरोपात १७८० मध्ये हेलविग याने बुद्धिबळावरून एक विस्तृत युद्धखेळ रचला. १८२४ मध्ये प्रशियन सैन्यातील अधिकारी राइसवित्झ याचा नकाशावर खेळायचा युद्धखेळ सैनिकी शिक्षणासाठी स्वीकारला गेला. १८९३ पासून ब्रिटनमध्ये पोकळ शिशाचे सैनिक मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा खेळण्यांतील सैनिकांच्या लढायांचे नियम दिले. १९८३ मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर' या ब्रिटिश खेळानंतर मूर्ती स्वतः रंगवणे व पालटणे हा त्या खेळाइतकाच लोकप्रिय छंद बनला.

दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र फासे, पाळी किंवा जय-पराजय यांचे नियम नसतात. युद्धखेळातील मूर्ती पटावर फिरते, तर किल्ल्यावरील चित्र एका जागी उभे राहून प्रसंग सांगते. युद्धखेळातील मूर्ती हाताळणीत टिकावी म्हणून तिच्यावर रोगणाचा हात देतात. किल्ल्यावरील चित्राला ओल्या मातीचा व दवाचा सामना करावा लागतो, म्हणून त्याच्या पायांकडील भागाचे संरक्षण अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रमाण

किल्ल्यावरील चित्रांत सर्वाधिक आढळणारा दोष प्रमाणाचा असतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली चित्रे एकत्र मांडल्यास मावळ्यापेक्षा कुत्रा मोठा आणि घोड्याएवढाच हत्ती असे दृश्य दिसते. हा दोष टाळण्यासाठी प्रथम माणसाची उंची ठरवून तिच्यावरून प्राण्यांची उंची काढतात. ५ सेंटिमीटर उंचीचा मावळा धरल्यास प्रमाण साधारणपणे १:३३ होते. त्यानुसार प्रमुख प्राण्यांची मापे पुढीलप्रमाणे येतात.

• दख्खनी घोडा (खांद्यापाशी): सुमारे ४ सेंमी
• बैल (खांद्यापाशी): सुमारे ४ सेंमी
• हत्ती (खांद्यापाशी): सुमारे ८ सेंमी
• वाघ (खांद्यापाशी): सुमारे ३ सेंमी
• कुत्रा (खांद्यापाशी): दीड ते पावणेदोन सेंमी
• घोरपड (शेपटीसह लांबी): ४ ते ५ सेंमी

सर्व चित्रे एका मापाची मिळत नसतील तर मोठी चित्रे पुढे पायथ्याशी व लहान चित्रे वर माथ्याकडे मांडतात. दूरची वस्तू लहान दिसते, या नियमामुळे मापांतील फरक खटकत नाही आणि किल्ला प्रत्यक्षाहून उंच भासतो.

साहित्य व पूर्वतयारी

बाजारात मिळणारी चित्रे मुख्यतः तीन प्रकारची असतात: माती, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि प्लास्टिक. प्रत्येकाची पूर्वतयारी निराळी आहे.

न भाजलेल्या मातीवर पाण्यातील रंग थेट लावल्यास वरचा थर विरघळतो आणि रंग गढूळ होतो. म्हणून फेव्हिकोलसारखा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्याचा एक हात आधी देतात व तो पूर्ण वाळू देतात. प्लास्टर रंग शोषून घेत असल्याने त्यावरही असाच हात द्यावा लागतो. प्लास्टिकवर साच्यातील तेलकटपणा राहिलेला असतो. ते साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पॉलिश पेपरने हलके घासले नाही, तर वाळलेला रंग पापुद्र्यासारखा निघून येतो.

यानंतर अस्तर दिले जाते. अस्तर म्हणजे सर्व अंगावर सारखा बसणारा पहिला फिकट थर. पांढऱ्या अस्तरावर पिवळा, तांबडा हे रंग उजळ दिसतात. राखी अस्तरावर हत्ती, म्हैस यांचे रंग लवकर साधतात. अस्तर जाड झाले तर डोळे, नाकपुड्या, आयाळ यांचे उठाव बुजतात, म्हणून एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात देणे योग्य ठरते.

साच्यातील मातीच्या घोड्याचे पाय बारीक असल्याने ते मोडू नयेत म्हणून पोटाखाली मातीचा आधार ठेवलेला असतो. तो कापून काढण्याचा प्रयत्न केल्यास पाय तुटतात. त्याऐवजी आधारावर गडद हिरवा रंग देऊन व बारीक वाळके गवत चिकटवून त्याचे झुडूप करतात.

रंगकाम

रंगकामाचा क्रम सामान्यतः मोठ्या भागाकडून लहान भागाकडे असतो: प्रथम अंगाचा मूळ रंग, नंतर सावली, नंतर उजळ कडा आणि शेवटी डोळे, खूर व साज.

सावलीसाठी मूळ रंगाची गडद छटा भरपूर पाण्यात कालवून अंगावर सोडतात. हे रंगीत पाणी खोलगट भागांत साचते आणि बरगड्या, आयाळ, कातडीच्या वळ्या आपोआप उठून दिसतात. उजळ कडांसाठी कोरड्या कुंचल्याची पद्धत वापरतात. कुंचल्यावर फिकट रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकतात व उरलेल्या रंगाने उंच भागांवरून कुंचला हलकेच फिरवतात. हत्तीची सुरकुतलेली कातडी आणि वाघाचे केस यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

डोळे रंगवताना पांढरा भाग मोठा ठेवण्याची चूक वारंवार होते. त्यामुळे प्राणी भेदरलेला किंवा हास्यास्पद दिसतो. घोडा, बैल व हत्ती यांच्या डोळ्यांत दुरून पांढरा भाग जवळजवळ दिसतच नाही. काळसर तपकिरी ठिपका व त्यावर टाचणीच्या टोकाने दिलेला एक पांढरा बिंदू एवढे पुरते.

रूपांतर

तयार चित्रात फेरफार करून त्यापासून वेगळे चित्र साधणे याला रूपांतर म्हणता येईल. त्याच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी साज बदलण्याची. देह तसाच ठेवून कापडाच्या तुकड्याची झूल, दोऱ्याचा लगाम, पुठ्ठ्याचे खोगीर, दाण्याने भरलेला तोबरा किंवा पाठीवरच्या गोणी जोडतात. साध्या बैलाला दोन गोणी दिल्या की तो तांड्यातील धान्यवाहू बैल होतो.

दुसरी पायरी ठेवण बदलण्याची. मान किंवा पाय बारीक करवतीने कापून, आत तारेचा तुकडा घालून नव्या कोनात बसवतात. सांध्यात एम-सीलसारखे घट्ट होणारे लुकण भरतात. वाळलेल्या मातीच्या चित्राला ओली माती थेट जोडल्यास नवी माती वाळताना आकसते व सांध्यापाशी तडा जातो. म्हणून बारीक चाळलेली कोरडी माती गोंदात मळून तो लगदा वापरणे अधिक खात्रीचे असते.

तिसरी पायरी जात बदलण्याची. खेळण्यांच्या दुकानातील प्लास्टिकचा हत्ती पुष्कळदा आफ्रिकी असतो. त्याचे कान खांदे झाकण्याइतके मोठे, पाठ मध्ये खोलगट आणि कपाळ सपाट असते. आशियाई हत्तीचे कान लहान, पाठ फुगीर आणि कपाळावर दोन उंचवटे असतात. कान कातरून, पाठीवर व कपाळावर लुकणाचा थर देऊन तो भारतीय हत्ती करता येतो. त्याचप्रमाणे सिंहाची आयाळ तासून त्याचा वाघ केला जातो.

चौथी पायरी दोन चित्रे एकत्र करण्याची. उभ्या मावळ्याला घोड्यावर बसवायचे असल्यास त्याचे पाय कमरेपासून वेगळे करून खोगिराच्या दोन्ही बाजूंना नव्याने घडवावे लागतात. रिकिबीतील पाऊल नीट दाखवले नाही तर स्वार घोड्यावर बसलेला न दिसता चिकटवलेला दिसतो.

प्रमुख प्राणी

घोडा

मराठी फौजेचा कणा घोडदळ हा होता. सरकारी घोड्यावरचा स्वार बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा स्वार शिलेदार म्हणवला जाई. दख्खनचे घोडे, विशेषतः भीमथडी तट्टे, उंचीने कमी पण काटक व डोंगरात चालणारी होती. त्यामुळे परदेशी शर्यतीच्या घोड्यासारखे उंच, लांब पायांचे चित्र मावळ्याच्या हाती देणे विसंगत ठरते.

घोड्यांच्या रंगांना मराठीत स्वतंत्र नावे असून रंगवताना त्यांचा उपयोग होतो. अंग तपकिरी व आयाळ-शेपूट काळे असलेला तो कुमैत. अंग व आयाळ दोन्ही तांबूस असलेला तो सुरंग. काळा तो मुश्की. पांढरट राखी तो सब्जा. दोन रंगांचे मोठे पट्टे असलेला तो अबलख. आणि चारही पाय खाली पांढरे व तोंडावर पांढरा पट्टा असलेला तो पंचकल्याणी. पागेतील दहा घोडे एकाच तपकिरी रंगात रंगवण्याऐवजी हे प्रकार योजल्यास पागा जिवंत वाटते.

हत्ती

डोंगरी किल्ल्यावर हत्ती दाखवावा की नाही, असा प्रश्न विचारला जातो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती पाहिल्याचे लिहून ठेवले असून इतक्या अवघड वाटेने ते वर कसे आणले असतील, याचे आश्चर्य व्यक्त केले आहे. रायगडावरील एका तलावास हत्ती तलाव म्हणतात. त्यामुळे राज्याभिषेकाच्या देखाव्यात हत्ती योग्य ठरतो. मात्र तो लहान असावा. कड्यावरील लढाईच्या देखाव्यात त्याला स्थान नाही.

हत्तीचा रंग शुद्ध काळा नसून राखाडीत थोडी तपकिरी छटा मिसळून साधावा लागतो. वयस्क हत्तीच्या सोंडेवर व कानांच्या कडांवर फिकट गुलाबी ठिपके असतात. ते स्पंजाच्या तुकड्याने टिपून उमटवतात. पाठीवर छत्र असलेले आसन म्हणजे अंबारी व उघडे आसन म्हणजे हौदा. दोहोंतील फरक देखाव्यात पाळला जातो.

बैल

ओझी वाहणे, रसद पोहोचवणे आणि तोफा ओढणे ही कामे बैल करीत. बैलांच्या जाती प्रदेशानुसार बदलतात. लांब शिंगांचा पांढरा-करडा खिल्लार सोलापूर, सांगली, सातारा या भागांतील आहे. ठाणे, पालघर, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अतिपावसाच्या डोंगरपट्ट्यात डांगी जात आढळते. तिच्या पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके असतात. उत्तर कोकणातील किल्ल्यावर डांगी बैल अधिक साजेसा दिसतो.

एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावरील छाप्यानंतर पाठलाग चुकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, अशी कथा प्रसिद्ध आहे. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार तिच्याशी जोडला जातो. हा प्रसंग मुलांना प्रिय असून त्यासाठी बैलाच्या शिंगांना काडीचे तुकडे बांधून टोकाला केशरी रंगवलेला कापूस लावतात. प्रत्यक्ष ज्वाला लावणे धोक्याचे असल्याने टाळले जाते.

उंट

उंट हा मैदानी फौजेचा प्राणी होय. त्याच्या पाठीवर फिरती लहान तोफ बसवली जाई. तिला जंबुरक म्हणत. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या युद्धात अब्दालीच्या फौजेत अशी जंबुरके होती. बाजारातील साध्या उंटाच्या पाठीवर खोगीर व रिकाम्या रिफिलच्या नळीची तोफ बसवून हे रूपांतर सहज होते. उंट तटाच्या आत न ठेवता पायथ्याच्या छावणीत ठेवतात.

वाघ व सिंह

किल्ल्याच्या पोटात गुहा करून तीत वाघ किंवा सिंह बसवण्याची पद्धत रूढ आहे. सह्याद्रीत सिंह नाही. भारतात तो गुजरातच्या गीर परिसरात उरला आहे. म्हणून गुहेत वाघच योग्य होय. सिंहासन व ध्वजावरील चिन्ह म्हणून सिंह येऊ शकतो. वाघ रंगवताना पोट, गालांचा भाग व पायांच्या आतील बाजू पांढऱ्या ठेवतात. पट्टे पाठीच्या कण्यापासून खाली उतरत निमुळते होतात आणि दोन्ही बाजूंचे पट्टे कधीही तंतोतंत सारखे नसतात. कानाच्या मागील काळ्या भागावर पांढरा ठिपका असतो. तो दिल्याने लहान मूर्तीतही वाघ ओळखू येतो.

घोरपड व कुत्रा

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला, त्या प्रसंगी यशवंती नावाच्या घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची कथा पोवाड्यातून लोकप्रिय झाली. सभासद बखरीत मावळे कडा चढून गेल्याचे वर्णन आहे, पण घोरपडीचा उल्लेख नाही. घोरपडीचे तयार चित्र क्वचितच मिळते. बाजारातील प्लास्टिकच्या पालीची बोटे जाड करून, शेपूट बळकट करून व अंगावर मातकट तपकिरी रंग देऊन ती घडवतात.

रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. त्याच्या ऐतिहासिकतेविषयी मतभेद आहेत.

अशी चित्रे वगळावीत असे नाही. मात्र प्रसंगाशेजारी लावलेल्या चिठ्ठीवर 'इतिहास' किंवा 'लोककथा' असे लिहिल्यास पाहणाऱ्याची, विशेषतः लहान मुलांची, गल्लत होत नाही. मुलांच्या मनावर किल्ल्यावरील दृश्याचा ठसा पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाहून खोल उमटतो, त्यामुळे ही दक्षता आवश्यक ठरते.

भिवंडी परिसरातील विषय

दिवाळीचे किल्ले बहुधा रायगड, प्रतापगड, सिंहगड यांचे असतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातही किल्ल्यासाठी योग्य असे स्थानिक विषय आहेत.

१६५७ मध्ये कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्या आणि या खाडीकाठी मराठी आरमाराची पायाभरणी झाली. या देखाव्यात गलबते बांधण्यासाठी जंगलातून लाकूड ओढून आणणाऱ्या बैलजोड्या दाखवता येतात. येथे लढाऊ घोड्यांपेक्षा ओझी वाहणाऱ्या प्राण्यांना महत्त्व येते.

वज्रेश्वरी येथील देवीचे मंदिर १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी आप्पांनी बांधवले. दगडी पायऱ्या, नगारखाना व तटासारखी भिंत यांमुळे ते लहान किल्ल्यासारखे दिसते. पायऱ्यांवर कासव कोरलेले आहे. या देखाव्यासाठी कासवाचे छोटे चित्र मातीतून हाताने घडवणे प्राथमिक शाळेतील मुलांनाही जमते.

तालुक्यातील दुगाड येथे डिसेंबर १७८० मध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कर्नल हार्टले याच्या इंग्रज फौजेशी मराठ्यांची लढाई झाली व तीत मराठी सेनानी रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले. जवळच गुमतारा हा डोंगरी किल्ला आहे. त्या काळी भारतात तोफा बहुधा बैलच ओढीत. त्यामुळे या लढाईच्या देखाव्यात तोफेला जुंपलेल्या बैलजोड्या दोन्ही बाजूंना दाखवाव्या लागतात. पोळ्याच्या बैलांना जू, दोरखंड व पुठ्ठ्याच्या चाकांची तोफगाडी जोडून हे रूपांतर करता येते.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असल्याने सूत, चिंध्या व सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन येथे सहज मिळतात. कोनांपासून बुरूज होतात. सुताचे धागे गोंदात भिजवून विंचरले की घोड्याची आयाळ व शेपूट तयार होते. काठाच्या चिंधीची झूल होते.

मांडणी

प्राण्याची बैठक किल्ल्याच्या जमिनीशी एकजीव दिसावी म्हणून तिच्या कडेवर गोंद लावून तीच माती भुरभुरवतात. ओल्या उतारावर मातीचे चित्र थेट ठेवल्यास पाय भिजून ढासळतात. म्हणून बैठकीखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा किंवा फरशीचा कपचा देतात. प्राण्यांची तोंडे सर्व एका दिशेला न ठेवता कामानुसार वळवतात: पाणी पिणारी गाय तळ्याकडे, ओझ्याचा बैल दरवाजाकडे, पागेतील घोडा गव्हाणीकडे. मोठ्या युद्धाच्या देखाव्यासाठी १६७२ ची साल्हेरची लढाई विशेष सोयीची आहे, कारण सभासद बखरीत तेथे घोडे, उंट व हत्ती मराठ्यांच्या हाती लागल्याचे वर्णन आहे.

बदलते स्वरूप

मातीच्या चित्रांची जागा प्लास्टर व प्लास्टिकच्या चित्रांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. ती सुबक, हलकी व रंगवलेली मिळतात. मात्र तयार रंग पाहून मुले कुंचला हाती घेत नाहीत. किल्ला मोडल्यावर मातीचे चित्र पुन्हा मातीत मिसळते; प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही आणि प्लास्टिक तसेच उरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मूर्तिविसर्जनविषयक मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी नैसर्गिक मातीचा आग्रह धरला आहे. त्या सूचना विसर्जनाच्या मूर्तींसाठी असल्या तरी त्यांमागील कारण किल्ल्यावरील चित्रांनाही लागू पडते. जुने प्लास्टिकचे प्राणी टाकून न देता धुऊन, पालटून व पुन्हा रंगवून वापरणे हा यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, प्रतापगड, जिंजी इत्यादी बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यानंतर प्रत्यक्ष किल्ल्याचा आराखडा पाहून प्रतिकृती करण्यास नवे निमित्त मिळाले आहे. प्रतिकृतीत तटबंदी अचूक व प्राणी मात्र कोणतेही, असे होऊ नये यासाठी प्राणिचित्रांचाही तितकाच विचार करावा लागतो.

जतन

किल्ला उतरवताना प्राणिचित्रे प्रथम काढतात. बैठकीची ओली माती झाडण्यापूर्वी चित्र सावलीत पूर्ण वाळू देतात, अन्यथा मातीबरोबर रंगही निघतो. वाळलेली चित्रे जुन्या सुती कापडात स्वतंत्र गुंडाळून, जड चित्रे खाली व नाजूक पायांची वर अशा क्रमाने पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतात. खोक्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकल्यास कापडी साजाला कसर लागत नाही. तुटलेले चित्रही ठेवले जाते. पुढील वर्षी त्याचे खोगीर, शिंग किंवा पाय दुसऱ्या चित्राच्या रूपांतरासाठी उपयोगी पडतो.